मायांगाच्या ऑपरेशननंतर 'बरं आहे' याचं माप कसं घ्यायचं?

स्त्रीरोग_निवासी, मिरज
मायांग (गर्भाशय-योनीचा भाग) बाहेर येतं म्हणून योनीमार्गे गर्भाशय काढून योनीच्या पुढच्या-मागच्या भिंतींची दुरुस्ती केलेल्या ४० बायकांचा वर्षभर पाठपुरावा करायचा आहे. तपासणीत पीओपी-क्यू (अंग किती खाली उतरलंय याचं मोजमाप) चांगला येतो, पण विचारलं की "बरं आहे" एवढंच उत्तर. पीएफडीआय-२० (अंग, शौच आणि लघवीच्या त्रासाची २० प्रश्नांची प्रश्नावली) वापरायचं ठरतंय. बऱ्याच जणी जत, कवठेमहांकाळकडच्या, निरक्षर; काही ऊसतोडीला जातात. कधी आणि कुणी विचारावं? गुण काढतानाही गोंधळ होतोय.

योनीदुरुस्ती
पहिली प्रश्नावली ऑपरेशनच्या आधी भरून घ्या. ती चुकली तर पुढचं सगळं वाया. नंतर आठवून सांगितलेला त्रास कमी-जास्त होतोच. पीएफडीआय गेल्या ३ महिन्यांबद्दल विचारते, त्यामुळे ६ आठवड्यांनी भरली तर ऑपरेशनपूर्वीचा त्रासही त्यात मिसळतो. ६ आठवड्यांना फक्त पीजीआय-आय घ्या: ऑपरेशनपूर्वीच्या मानाने आता कसं आहे, हा एकच प्रश्न, १ म्हणजे खूपच बरं, ७ म्हणजे खूपच वाईट. पूर्ण प्रश्नावली ६ आणि १२ महिन्यांनी.

आता गुण. त्रास नाही = ०. आहे, पण जाच नाही = १. तिथून जाच वाढेल तसे ४ पर्यंत. हा ० आणि १ मधला फरक सर्रास चुकतो. प्रत्येक भागाची सरासरी काढून २५ ने गुणा. तीन भाग (अंग, शौच, लघवी), प्रत्येकी १००, एकूण ३००. रिकामं उत्तर शून्य धरू नका. लघवीच्या ६ प्रश्नांत ०, ०, ३, ४, २ आणि एक रिकामं असेल तर ९ ला ५ ने भागा: १.८ × २५ = ४५. सहाने भागलंत तर ३७.५ येतात, म्हणजे न मिळालेल्या उत्तराने बाई बरी झाली!

वॉर्ड_समुपदेशक, सांगली
ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी विचारू नये. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून बाई त्रास सांगत नाही. सासू, नवरा खोलीबाहेर. शब्द तिचे घ्या: "अंग खाली आल्यासारखं वाटतं का?", "खोकलं-शिंकलं की लघवी सुटते का?", "शौचाला बसल्यावर बोटाने आत दाबावं लागतं का?" पण आवृत्ती एकदा ठरली की प्रत्येकीला तीच वाचा; दर वेळी सोपं करून सांगितलं तर प्रश्नच बदलतो. जाचासाठी वाढत्या आकाराची ४ वर्तुळं दाखवा. "चालतंय" हे उत्तर नाही, पुन्हा वर्तुळ दाखवायला सांगा.

गाळप हंगामात सहावा महिना आला तर फोन करावा लागेल. फोन बहुतेकदा नवऱ्याच्या हातात असतो, आधी "एकट्या आहात का?" विचारा. फोनवर वर्तुळं दिसत नाहीत, म्हणून त्यांचा कागद डिस्चार्जच्या वेळीच सोबत द्या. उत्तर फोनवर घेतलं की समोर, हे नोंदवा.

स्त्रीरोग_निवासी, मिरज
मग निकालात एकूण ३०० पैकी गुण दिले तर पुरेल का?

योनीदुरुस्ती
नाही. बाहेर आलेल्या भागामुळे लघवी बाहेर येण्याची नळी मुडपलेली असू शकते. दुरुस्तीनंतर ती सरळ होते आणि आधी लपलेली गळती दिसू लागते. अंगाचे गुण ७० वरून १० वर आले आणि लघवीचे २० वरून ४५ झाले, तर बेरजेत ३५ ची सुधारणा दिसते, बाई मात्र फडकं बांधून फिरते. तिन्ही भाग वेगळे द्या.

शरीरसंबंधाचा प्रश्न वेगळा ठेवा. मागच्या भिंतीची दुरुस्ती घट्ट झाली तर दुखतं आणि पीएफडीआय ते विचारतच नाही. संबंध नसतील तर कारण लिहा: वैधव्य, नवरा बाहेरगावी, की दुखतं म्हणूनच टाळते. शेवटचं कारण हाच तुमचा निकाल आहे.

आणि ४० पैकी किती जणींनी उत्तर दिलं, ते प्रत्येक तक्त्याच्या वर लिहा. न आलेली बाई बरी आहे असं धरू नका.