मॅकिनॅकचं ग्रँड हॉटेल हिवाळ्यात बंद का असतं?

हे हॉटेल फक्त मे ते ऑक्टोबरच उघडं का असतं, असा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मॅकिनॅक बेटावर दोन रेल्वे कंपन्यांनी आणि एका आगबोट कंपनीने १८८७ साली ते उन्हाळी प्रवाशांसाठीच बांधलं. हिवाळ्यात बेटाभोवतीची सामुद्रधुनी गोठते, हे एक कारण. पण अशा हंगामी इमारतींची खरी मेख नळांत असते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून बंद करताना सगळ्या लाइनी रिकाम्या करून दाबाच्या हवेने फुंकतात, बेसिनखालच्या वाकात प्रॉपिलीन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) ओततात. उतार नसलेल्या तुकड्यात पाणी राहिलं, तर पाइप फुटल्याचं कळतं ते थेट वसंतात, भिंत भिजल्यावर. त्यामुळे उघडताना पाणी एकदम सोडू नये. एकेक मजला घेऊन, हवा काढत, सांधे तपासत भरावं.