‘रीडेबिलिटी’ला वाचनीयता म्हणावं का?

धुळाक्षर
लेखन तपासणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा पडद्यावरचा मजकूर मराठीत आणायचं काम सध्या माझ्याकडे आहे. त्यात ‘रीडेबिलिटी स्कोअर’, म्हणजे मजकूर वाचायला किती सोपा याचा आकडा, असा एक रकाना येतो. आधीच्या मसुद्यात त्याला एके ठिकाणी ‘वाचनीयता गुण’ आणि दुसरीकडे ‘सुवाच्यता’ म्हटलंय. दोन्ही खटकतात, पण नेमकं का ते मला मांडता येत नाही. शेजारीच ‘ग्रेड लेव्हल’ असाही रकाना आहे, तिथे ‘इयत्ता’ लिहावं का? जाणकारांनी सांगावं.

जुळारी
सुवाच्यता आधी बाजूला काढू, कारण तिथे वाद नाही. ‘अर्ज सुवाच्य अक्षरात भरावा’ हे आपण सगळ्यांनी वाचलंय. सुवाच्य असतं ते अक्षर: वळण, टाइप, छपाई. तुमचा रकाना अक्षराबद्दल काहीच सांगत नाही.

वाचनीयतेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. ‘यंदाचा अंक वाचनीय झालाय’ असं म्हणतो तेव्हा अंक सोपा आहे असं आपण सांगत नसतो, तो वाचावा असा आहे, हे सांगत असतो. प्रेक्षणीय स्थळ म्हणजे बघण्यासारखं स्थळ, श्रवणीय गाणं म्हणजे ऐकावं असं गाणं. ‘-अनीय’ लागून आलेल्या या शब्दांमध्ये योग्यतेचा, शिफारशीचा भाव आहे. एखादा ग्रंथ समजायला महाकठीण आणि तरीही अत्यंत वाचनीय असू शकतो. म्हणून सॉफ्टवेअरनं ‘वाचनीयता ३५’ म्हटलं, तर मराठी वाचकाला ‘हे वाचण्यात अर्थ नाही’ असं ऐकू येईल. लिहिणाऱ्यावर तो अन्याय आहे. लेखनाची लायकी यंत्रानं तपासलेलीच नसते.

अर्धविराम
पण ‘-अनीय’ला शक्यतेचा अर्थही आहे ना? अवर्णनीय म्हणजे वर्णन करता न येणारं, अविस्मरणीय म्हणजे विसरता न येणारं. वित्तव्यवहारात ‘परिवर्तनीय रोखे’ असतात, ते बदलून घेता येतात म्हणून परिवर्तनीय, बदलण्याच्या लायकीचे म्हणून नव्हे. त्याच न्यायाने वाचनीय म्हणजे ‘वाचता येण्याजोगं’ असं पारिभाषिक अर्थानं ठरवता येईल.

जुळारी
मुद्दा बरोबर आहे, आणि व्याकरण तुमच्या बाजूला आहे. शब्दाआधी ‘अ’ लागला की शक्यतेचा अर्थ बहुधा पुढे येतो आणि नव्यानं घडवलेल्या शब्दांत तो नकाराशिवायही चालतो. परिवर्तनीय हा शब्द रोख्यांना लावला तेव्हा त्याला रोजच्या बोलण्यात दुसरा ठाम अर्थ नव्हता, म्हणून तो बसला. वाचनीय मात्र परीक्षणांत, अभिप्रायांत, ग्रंथालयांच्या शिफारशींत रुजलेला शब्द आहे. रुजलेल्या शब्दाला परिभाषेसाठी दुसरा अर्थ चिकटवला की दोन्ही ठिकाणी घोटाळा होतो. माझा आक्षेप वहिवाटीवरून आहे, प्रत्ययावरून नाही.

प्रत्ययाचाच आधार हवा असेल तर संस्कृतात याच कामासाठी घडवलेली एक जोडगोळी आहे. सुलभ-दुर्लभ, सुगम-दुर्गम, सुकर-दुष्कर, सुबोध-दुर्बोध. अष्टाध्यायीत त्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे (३.३.१२६): क्रिया सहज होणारी की कष्टानं होणारी हे ‘सु’ आणि ‘दुस्’ यांनी सांगायचं. आपल्याला हवा तो अर्थ हाच, करायला सोपं की अवघड. शब्द शोधायचा तर या कुळात शोधावा.

धुळाक्षर
मग ‘सुबोधता’? कानाला छान वाटतो.

जुळारी
छान आहे, म्हणूनच यंत्राला तो देऊ नये असं माझं मत. सुबोध म्हणजे ज्याचा बोध सहज होतो ते. हे यंत्र बोधापर्यंत पोचतच नाही. अर्धविराम, तुम्ही या प्रणाली हाताळल्यात. आत काय मोजलं जातं ते इथे मांडाल का?

अर्धविराम
मांडतो. सर्वांत प्रसिद्ध सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांचं, १९४८चं. ते मूळचे व्हिएन्नाचे, नंतर अमेरिकेत स्थायिक झाले. सूत्र असं: २०६.८३५ मधून वाक्यातल्या सरासरी शब्दसंख्येची १.०१५ पट वजा करा, मग शब्दातल्या सरासरी उच्चार-अवयवांची (सिलॅबल्सची) ८४.६ पट वजा करा. इंग्रजी मजकुराचं उत्तर साधारण ० ते १०० मध्ये येतं. जितकं मोठं, तितकं वाचायला सोपं. ६० ते ७० म्हणजे साधी सरळ इंग्रजी.

हे आकडे अमेरिकी शाळकरी मुलांच्या वाचनचाचण्यांच्या उताऱ्यांवरून बसवलेले आहेत. १९७५ साली पीटर किंकेड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी त्याच दोन मापांची नवी जुळणी केली, जिचं उत्तर थेट शाळेच्या इयत्तेत मिळतं. तुमचा ‘ग्रेड लेव्हल’ रकाना तोच. वर्ड या प्रोग्रॅममध्ये ही दोन्ही मापं आहेत. त्याआधी १९५२मध्ये रॉबर्ट गनिंग यांचा फॉग निर्देशांक आला, त्यात तीन किंवा अधिक अवयवांचा शब्द अवघड धरतात. डेल आणि चॉल यांनी १९४८मध्ये वेगळी वाट घेतली: सुमारे ३००० परिचित शब्दांची यादी केली आणि यादीबाहेरचे शब्द मोजले. काही सूत्रं अवयव सोडून नुसती रोमन अक्षरं मोजतात, कारण यंत्राला ते सोपं जातं.

थोडक्यात, अर्थ कुठेच नाही. एका परिच्छेदातले शब्द उलटसुलट केले तरी फ्लेशचं उत्तर तेच येईल, फक्त पूर्णविराम जागच्या जागी हवेत.

जुळारी
यातली एक गोष्ट या चर्चेसाठी फार मोलाची आहे. फ्लेश यांनी त्या गुणांकाला नाव दिलं ‘रीडिंग ईझ’, वाचण्यातली सहजता. त्याच १९४८च्या लेखात त्यांनी दुसरा गुणांकही दिला होता, ‘ह्यूमन इंटरेस्ट’. त्यात व्यक्तिवाचक शब्द किती आणि थेट वाचकाशी किंवा माणसामाणसांत बोलणारी वाक्यं किती, हे मोजायचं. म्हणजे मजकूर सोपा आहे का आणि तो धरून ठेवतो का, हे प्रश्न सूत्रकर्त्यानंच वेगळे ठेवले होते. आपल्या वाचनीयतेच्या जवळ जाणारा आहे तो दुसरा गुणांक, आणि आजच्या लेखन-तपासनिसांत तो जवळपास कुठे दिसत नाही. पहिलाच उरला आणि त्याला आपण दुसऱ्याचं नाव देतोय.

म्हणून माझी सूचना ‘वाचनसुलभता’. मूळ नावाशी जुळते, ‘सु’च्या कुळातली आहे, आणि समजण्याचा दावा करत नाही.

पाटीपेन्सिल
मी प्राथमिकला शिकवते. ‘सुगमता’ का नको? छोटा शब्द आहे.

जुळारी
ताई, सुगम मलाही आवडतो. पण त्याच्या आसपासची जागा भरलेली आहे. २०१५च्या ‘सुगम्य भारत’ अभियानापासून सुगम्य म्हटलं की अपंग व्यक्तींना इमारत, वाहन, संकेतस्थळ वापरता येणं असा अर्थ सरकारी मजकुरात पक्का झालाय. एकाच सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आणि हा गुणांक दोन्ही असतील, तर सुगम्यता-सुगमता शेजारी बसून गोंधळ घालतील.

पाटीपेन्सिल
पटलं. आता एक वेगळीच शंका. शब्द कोणताही ठेवा, हे माप मराठीला लागू पडतं का? आमच्याकडे पहिलीच्या मुलांसाठी मजकूर निवडताना आम्ही शब्दाची लांबी बघतच नाही. आधी काना-मात्रा नसलेले शब्द, मग एकेक स्वरचिन्ह, आणि जोडाक्षरं सर्वांत शेवटी. जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तकं निघतात ती त्यासाठीच. ‘घरासमोर’ माझी मुलं वाचतात. ‘स्त्री’ला अडतात, आणि स्त्री हा एका अवयवाचा शब्द आहे!

अर्धविराम
लागू पडत नाही, आणि किती पडत नाही ते मोजून दाखवतो. हे वाक्य घ्या:

आजीने शेजारच्या मुलाला घरासमोरच्या झाडाखाली बसवलं.

सहा शब्द. लिहिलेली अक्षरं एकेक अवयव धरली तर ३, ४, ३, ६, ४, ४, एकूण २४; सरासरी ४. फ्लेशच्या सूत्रात घातलं की उत्तर उणे १३८. शंभरपैकी. आता बोलताना आपण ‘शेजारच्या’ आणि ‘घरासमोरच्या’ यांतला ‘च्या’आधीचा ‘र’ मोकळा उच्चारत नाही, ‘बसवलं’मधला ‘स’ही नाही. तसं उच्चाराप्रमाणे मोजलं तर अवयव २१ होतात आणि उत्तर येतं उणे ९५. फॉगच्या हिशेबात तर सहाही शब्द तीन अवयवांचे किंवा मोठे, म्हणजे ‘मुलाला’सुद्धा अवघड शब्द. उत्तर ४२ च्या वर. वाक्य कळायला बेचाळीस वर्षं शाळेत जावं लागेल असा त्याचा अर्थ.

आता हे घ्या: जे पिंडी ते ब्रह्मांडी. चार शब्द, सात अवयव. फ्लेशचं उत्तर जवळपास ५५. आजी-झाडाच्या वाक्यापेक्षा कितीतरी सोपं!

पाटीपेन्सिल
यात ‘ब्रह्मांडी’ वाचताना मूल अडेल, आणि वाचून झालं तरी मोठ्या माणसालाही विचार करावा लागेल.

जुळारी
नेमकं. दोष मराठीचा नाही, लिहिण्याच्या रिवाजाचा फरक आहे. हिंदीत ‘घर के सामने’ तीन तुकड्यांत लिहितात, आपण ‘घरासमोर’ एका दमात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण जोडून लिहितो, त्यामुळे आपले शब्द लांब आणि वाक्यातली शब्दसंख्या कमी. अर्थाचा भार तेवढाच, वाटणी वेगळी. देवनागरी तीच असूनही हिंदी आणि मराठीला एक सूत्र चालणार नाही, तर इंग्रजीचं कुठून चालेल?

इतर भाषांनी हे ओळखलं. जर्मनसाठी टोनी आमश्टाट यांनी १९७८मध्ये फ्लेशचे आकडे बदलले: १८० मधून वाक्याची सरासरी लांबी वजा, आणि अवयवांचा गुणक ८४.६ ऐवजी ५८.५. जर्मन शब्द मुळात लांब, म्हणून लांबीची शिक्षा कमी केली. स्वीडनमध्ये ब्योर्नसन यांनी १९६८मध्ये सहापेक्षा जास्त अक्षरांचे शब्द मोजणारं वेगळंच माप काढलं. आपल्याकडे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०१२मध्ये हिंदी आणि बांगलासाठी नवी मापं सुचवली, त्यात जोडाक्षरांचाही विचार होता. पाटीपेन्सिल ताई वर्गात जे वापरतात, तेच.

गनिंग यांच्या सूत्रातही एक शहाणपणाची अट आहे, जी मराठीला फार उपयोगी पडेल. इंग्रजी क्रियापदाला ‘-एड’, ‘-एस’ असे शेवट लागून तीन अवयव झाले असतील, तर तो शब्द अवघड धरायचा नाही. हाच न्याय मराठीला लावला तर ‘झाडाखाली’चं ‘झाड’ करून मगच मोजायला हवं. आधी सामान्यरूप सोडवून मूळ शब्द काढायचा, मग तो परिचित आहे का पाहायचं, जोडाक्षरं वेगळी मोजायची. हे काम कष्टाचं आहे, पण मराठी पाठ्यपुस्तकं, माहितीपत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्यासाठी ते व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. ज्याला औषधाची चिठ्ठी कळत नाही, त्याच्यासाठी ही नुसती शब्दचर्चा नाही.

अर्धविराम
वाक्य कुठे संपतं तेही शिकवावं लागेल. ‘डॉ.’, ‘रु.’, ‘कि.मी.’ यांतल्या टिंबावर साधी प्रणाली वाक्य तोडते. एका बातमीत चार डॉक्टर आले की वाक्यं आपोआप लहान आणि मजकूर ‘सुलभ’. आणि कित्येक प्रणाली अवयव मोजताना रोमन स्वर शोधतात. देवनागरीत ते सापडत नाहीत, मग प्रत्येक शब्दाला शून्य किंवा एक धरून मोकळ्या होतात. तेव्हा मराठी कादंबरीपासून जीआरपर्यंत सगळ्यांना ऐंशी-नव्वदच्या वर गुण.

धुळाक्षर
इतकं खोल जाईल असं वाटलं नव्हतं, आभार. ‘वाचनसुलभता’ घेते. आता ‘ग्रेड लेव्हल’. वरचं वाचून ‘इयत्ता’ लिहायची भीती वाटायला लागलीय.

जुळारी
ती भीती योग्य आहे. तिथला ८ म्हणजे अमेरिकेतली आठवी, इंग्रजी मातृभाषेच्या मुलांची. ‘इयत्ता ८ वी’ लिहिलंत तर पालक आणि शिक्षक ते आपल्या आठवीशी जोडतील, आणि तसा संबंध कुणीही तपासलेला नाही.

यासाठी मराठीत तयार शब्द आहे: काठिण्यपातळी. परीक्षा झाली की प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यपातळीवर बोललं जातं, त्यामुळे तो सर्वांना ठाऊक आहे. शिवाय आणखी एक अडचण सुटते. फ्लेशचा आकडा वाढला की मजकूर सोपा, पण ग्रेडचा किंवा फॉगचा आकडा वाढला की अवघड. इंग्रजी पडद्यावर दोन्ही एकाच मथळ्याखाली येतात आणि वापरणारा गोंधळतो. मराठीत एकाला सुलभता आणि दुसऱ्याला काठिण्य म्हटलं की आकडा कोणत्या दिशेनं चांगला, हे नावातच कळतं.

पाटीपेन्सिल
काठिण्यपातळी उत्तम. फक्त त्यात स्वतःच दोन जोडाक्षरांसारखं काहीतरी आहे का बघते… ‘ण्य’ एकच. चालेल, मोठ्यांसाठी आहे.

धुळाक्षर
मग असं करते. इंग्रजी मजकुरासाठी ‘वाचनसुलभता’ आणि ‘काठिण्यपातळी (अमेरिकी शाळांच्या इयत्तेनुसार)’. मराठी मजकूर दिला तर दोन्ही रकान्यांत आकडा न दाखवता ‘हे माप मराठीसाठी नाही’ अशी ओळ यावी, असं तंत्रज्ञांना आजच कळवते. वाक्यांची संख्या आणि सर्वांत लांब वाक्य कोणतं, एवढं मात्र मराठीतही दाखवता येईल असं ते म्हणतात.

अर्धविराम
सर्वांत लांब वाक्य जरूर दाखवा, संपादनात त्याचा खरा उपयोग होतो. ‘डॉ.’ आणि ‘रु.’ची यादी मी पाठवतो. संक्षेप आणखी कुणाला सुचले तर इथेच लिहा.

पाटीपेन्सिल
श्री., सौ., कै., प्रा., इ., वि.सू., ता.क., ता., जि., मु. पो.