वायडल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉईडच का?

कपाशीवाला, यवतमाळ: मायले चार दिवसांपासून ताप हाय. तालुक्याच्या लॅबात वायडल (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) केली, ओ १:८०, एच १:१६०. डॉक्टर म्हणते टायफॉईड, रोज सलाईन अन् इंजेक्शन घ्या. मागच्या पावसाळ्यात बाबाले हेच निघालं, शेजारच्या काकूलेही. अख्ख्या गल्लीले टायफॉईड कसा काय?

शेतकरीपुत्र: घेऊन घ्या भाऊ. आमची मोठी माय दोन बाटल्यांत उठून बसली.

निवृत्त लॅबवाली ताई, वर्धा: भाऊ, शंका बरोबर आहे तुमची. वायडल जंतू दाखवत नाही, अँटीबॉडी (जंतूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं) दाखवते, अन् त्या जुन्या संसर्गाच्याही असतात. ओ अन् एच हे त्यांचेच दोन प्रकार; १:८० म्हणजे रक्तातलं पाणी ८० पट पातळ केलं तरी त्या दिसतात. आपल्या भागात धडधाकट माणसातही १:८० निघते. आई बऱ्या असतानाचा आकडा कोणाजवळ आहे? तो नसताना एकट्या १:१६० वरून काय ठरवणार? १०-१४ दिवसांनी दुसरा नमुना चौपट चढला तर त्याला काही वजन. पण तापलेल्या माणसानं तोवर थांबायचं कसं? म्हणून अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबात वाढवून बघायची तपासणी. तेही दहातल्या चारेक टायफॉईडच्या रुग्णांत निगेटिव्ह येतं, हे धरून चाला.

माझा जीव अडकतो तो स्क्रब टायफस या दुसऱ्या तापाच्या आजारापाशी. २०१८ मध्ये नागपूरकडे त्याची मोठी साथ होती. गवतातल्या बारीक किड्यांपासून होतो, निंदणाला जाणाऱ्या बायांना जास्त धोका. काखेत, जांघेत, छातीखाली किडा चावल्याची काळी खपली आहे का बघा. नसली तरी डॉक्टरांना विचारा. त्याला डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं, टायफॉईडचं सेफ्ट्रियाक्सोन इंजेक्शन चालत नाही. मलेरिया, डेंग्यूही तपासून घ्या.

अन् सलाईन: ५०० मिलीच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. ताकद एका भाकरीएवढीही नाही. उलट्या थांबत नसतील, बीपी पडला असेल तर ती लागतेच. एरवी पुष्कळ ताप पाचव्या-सहाव्या दिवशी आपसूक उतरतात अन् नाव बाटलीचं होते.

कपाशीवाला: आशाताईनं मलेरिया पाहिला, निगेटिव्ह. पण एक इंजेक्शन कालच देऊन झालं. आता कल्चर कामाचं राहीन का?

निवृत्त लॅबवाली ताई: जंतू सापडायची शक्यता कमी होते, संपत नाही. इंजेक्शनचं नाव अन् वेळ कागदावर लिहून आजच ग्रामीण रुग्णालयात न्या. धाप लागली, बरळू लागल्या किंवा लघवी कमी झाली तर तिथं न थांबता थेट जिल्ह्याला.