सगळ्यांच्याच 'प्रवासा'ला गिटार कशाला?

तिरकस

परवा या संस्थळावर 'विद्यापीठांचे पॉडकास्ट ऐकायलाच हवेत' असा लेख आला. लेखकाचं म्हणणं, माजी विद्यार्थ्यांच्या कहाण्या हाच आत्ताच्या पोरांचा खरा वाटाड्या. प्रत्येक विद्यापीठाने आठवड्याला एक तरी कहाणी सांगितलीच पाहिजे. खाली 'अप्रतिम' आणि 'डोळे पाणावले'ची रांग. मी प्रतिसाद लिहायला घेतला, तो आवरेना, म्हणून हा धागा.

मी ऐकलेत हे पॉडकास्ट. तीन वेगवेगळ्या विद्यापीठांचे मिळून चाळीसेक भाग, रोजच्या जाण्यायेण्यात. आता पुढे काय येणार ते मीच आधी बोलून मोकळा होतो. आधी गिटार. मग 'तुमच्या प्रवासाबद्दल सांगा ना'. चौथ्या मिनिटाला पाहुणा एका विषयात नापास होतो. दहाव्याला एक देवमाणूस प्राध्यापक भेटतात. विसाव्याला पाहुण्याची कंपनी निघते. शेवटी 'आजच्या विद्यार्थ्यांना काय संदेश द्याल?' आणि संदेश कायम एकच, स्वतःवर विश्वास ठेवा. पुन्हा गिटार.

मी एका पेपरात दोनदा उडालो होतो. माझी कंपनी कुठे अडकली?

जे अर्ध्यात सोडून गेले, ज्यांना मार्गदर्शकाने छळलं, ज्यांनी पदवी घेतली आणि आता भलतंच काहीतरी करतात, ते कुठल्या भागात येतात? संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्डची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. युद्धातून परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोकं मोजत बसू नका, जी परत आलीच नाहीत त्यांचा विचार करा. इथे तर परत आलेल्या विमानांना नुसतं मोजत नाहीत, हार घालून समोर माइक ठेवतात.

आणि हे चालवतं कोण? बहुतेक ठिकाणी जनसंपर्क नाहीतर माजी विद्यार्थी विभाग. म्हणजे ज्यांना प्रवेश वाढवायचेत किंवा देणग्या गोळा करायच्यात तेच. जाहिरात करा, माझी ना नाही. पण तिला कहाणी म्हणून आमच्या गळ्यात मारू नका.

ठोकळा

वॉल्डचं नाव घेतलंत म्हणून यावं लागलं. भोकांच्या जागी लाल ठिपके असलेलं विमानाचं जे चित्र सगळीकडे फिरतं, ते वॉल्डचं नव्हे. पुष्कळ नंतर कुणीतरी समजावण्यासाठी काढलेलं आहे. वॉल्ड दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सांख्यिकी गटात होता, आणि १९४३ मध्ये त्याने जे लिहिलं ते सगळं गणित आहे. विमानाच्या कुठल्या भागाला मार लागला तर ते पडण्याची शक्यता किती, हे फक्त परतलेल्या विमानांवरून कसं काढायचं, त्याची रीत.

फक्त परतलेल्या विमानांवरून, हं. म्हणजे वाचलेल्यांकडूनही शिकता येतं, रीत माहीत असेल तर. तुमच्याच दाखल्याने तुमचा मुद्दा पातळ होतोय.

तिरकस

ठिपके कुणाचे याने गिटार बंद होणार आहे का? आणि ती रीत वापरायला निदान किती विमानं उडाली हे तरी माहीत लागतं. कुठल्या पॉडकास्टने सांगितलंय, आमच्याकडे इतके आले आणि इतके गळाले?

ठोकळा

हे मान्य. (ठिपक्यांचं मात्र मान्य करून टाका.)

माइकवाली

मी हेच काम करते. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. 'विभाग' म्हणजे मी आणि एक अर्धवेळ मुलगा. बसल्या जागी 'सोडून गेलेल्यांना का बोलवत नाही' म्हणणं सोपं आहे.

बोलावलं होतं. गेल्या वर्षी अर्ध्यात सोडून गेलेल्या अकरा जणांना मेल केल्या. दोघांनी उत्तर दिलं. एकाने लिहिलं, 'तुमच्यासाठी मी आता एक मिनिटही खर्च करणार नाही.' बरोबरच आहे त्याचं. दुसरी तयार झाली. प्रश्न ठरले, वेळ ठरली. आदल्या रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, 'सॉरी, आईला अजून माहीत नाही.'

आता सांगा, काय करू? तो मेसेज वाचून दाखवू?

आणि एक भाग म्हणजे अर्ध्या तासाच्या गप्पा नसतात. पाहुणा टेबलावर बोटं वाजवतो, पंखा घरघरतो, कुणी दर वाक्याला 'अं… म्हणजे… अं' करतं. ते सगळं निवडत बसायला सहा-सात तास जातात. आता तर मला 'अं' ऐकावाही लागत नाही, पडद्यावर आवाजाच्या लाटेचा नुसता आकार बघून ओळखते. सुरवंटासारखा दिसतो.

शुद्धमती

चर्चा चांगली आहे, पण 'पॉडकास्ट' का? 'श्राव्यमालिका' म्हणता येत नाही का?

उंटावरून

आली बघा श्राव्यमालिका. २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने गार्डियन या ब्रिटिश वर्तमानपत्रातल्या एका लेखात जाता जाता हा शब्द सुचवला. ॲपलच्या ज्या आयपॉडवरून तो आला त्याचं उत्पादन २०२२ मध्ये बंद पडलं, शब्द अजून ठणठणीत आहे. त्याला आता कुणाच्या बापाला हलवता येणार नाही.

शुद्धमती

बाप काढायची गरज नव्हती.

जुना श्रोता

गिटारवाल्या मुद्द्याला +१, पण जरा मागचं बघू. एकेकाळी विद्यापीठाचा पॉडकास्ट म्हणजे व्याख्यानं. ॲपलने २००७ मध्ये विद्यापीठांच्या व्याख्यानांसाठी आयट्यून्स यू काढलं, वर्षभराने ऑक्सफर्डही त्यात आलं. आवाज खड्ड्यातून आल्यासारखा, फळ्यावर काय लिहिलंय ते दिसायचं नाही, पण ऐकून झाल्यावर काहीतरी पदरात पडायचं. २०२१ च्या शेवटी ॲपलने ते गुंडाळलं. व्याख्यानं व्हिडिओत गेली आणि कानाच्या वाट्याला 'प्रवास' आला.

माइकवाली ताई, तुमची अडचण पटली. पण मुलाखत घ्यायलाच हवी असं कुठे आहे? अमेरिकेतले स्टोरीकॉर्प्सवाले २००३ पासून काय करतात? एकमेकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसवतात, चाळीस मिनिटं देतात आणि रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या सरकारी ग्रंथालयात जपून ठेवतात. दोन जुन्या रूममेटना बसवा. ते एकमेकांना 'संदेश काय द्याल' असं मेले तरी विचारणार नाहीत.

बाय द वे, ज्या कोलंबियात वॉल्ड बसला होता, तिथेच १९४८ साली इतिहासकार ॲलन नेव्हिन्सने मौखिक इतिहासाचं दालन उघडलं. माणसांना बोलतं करून ते जतन करणं विद्यापीठांना नवीन नाही. फक्त तेव्हा ते अभ्यासकांसाठी होतं, प्रवेशाच्या हंगामासाठी नव्हतं.

रात्रपाळी

मी सध्या शिकते आहे, त्यामुळे माझं मत कुणी विचारलेलं नाही.

प्रयोगशाळेत रात्री मशीन लावून तीन-तीन तास थांबावं लागतं. मजल्यावर मी एकटी. तेव्हा ऐकते. कंपनीवाले भाग मीही पुढे ढकलते. पण एका भागात एक बाई होत्या, कंपनी नाही, पुरस्कार नाही. त्या म्हणाल्या की इथे पहिली मैत्रीण मिळायला मला दीड वर्ष लागलं, तोवर मी जेवायला मुद्दाम उशिरा जायचे, म्हणजे एकटी दिसणार नाही. मी त्या दिवशी साडेतीनला जेवले होते.

तिरकस, तुम्ही चाळीस ऐकलेत ना? तो एक माणूस शिक्षण सोडून गेला आणि नऊ वर्षांनी परत येऊन पुन्हा पहिल्या वर्षाला बसला, तो भाग ऐकलात का? ऐकला नसेल तर आधी ऐका, मग धागे काढा.

तिरकस

ऐकला नाही. लिंक द्या. पण चाळीसांनंतर एक सापडावा आणि त्यावर आधीच्या चाळीसांनी तरून जावं, हे काही पटत नाही.

अडखळ

अवांतर आहे, पण सुरवंटाचं वाचून गप्प बसवेना.

मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. माझ्या विद्यापीठाने मला बोलावलं (कंपनी नाही, काळजी नसावी). मी दोन आठवडे विचार केला आणि हो म्हटलं, कारण शिकत असताना तोंडी परीक्षेत मी काय सोसलं तेच मला सांगायचं होतं. सव्वा तास बोललो. 'प'वर अडकलो, 'क'वर अडकलो, एकदा स्वतःच्या नावावर अडकलो. समोरची मुलगी शांतपणे थांबली. फार बरं वाटलं.

भाग आला एकोणतीस मिनिटांचा. त्यात मी एकदाही अडखळत नाही! सफाईदार, न्यूज वाचल्यासारखा. आणि त्या सफाईदार आवाजात मी सांगतोय की मला बोलता येत नव्हतं म्हणून तोंडी परीक्षेत शून्य मिळालं. ऐकणाऱ्याला वाटेल, हा खोटं बोलतोय. माझ्या आईने ऐकलं. म्हणाली, 'हा कोण आहे?'

तुमच्या लेखी ती घाण होती, ताई. तो माझा आवाज होता.

माइकवाली

तुमच्या बाबतीत झालं ते चूकच. पण एका उदाहरणावरून सगळ्यांना फासावर देऊ नका. दहातले नऊ पाहुणे स्वतःहून म्हणतात, 'ते अं-अं काढाल ना प्लीज?' न काढलं तर रागावतात. श्रोता दुसऱ्या मिनिटाला पळतो तो वेगळाच.

अडखळ

मला कुणी विचारलं नाही. हवं असतं तर मीच म्हटलं असतं. आणि दहातले नऊ का म्हणतात तसं? कारण त्यांनी आधीचे सगळे भाग साफ केलेलेच ऐकलेत.

उंटावरून

वर्तमानपत्रातली मुलाखत जशीच्या तशी छापतात का? तिथे 'अं' नसतो म्हणून कुणी रडत नाही. फार हळवं व्हायचं काम नाही.

रात्रपाळी

छापलेल्या मुलाखतीत आवाज नसतो, हे कुणाला वेगळं सांगायला लागेल असं वाटलं नव्हतं.

उंटावरून

मला अक्कल शिकवू नका. मी वीस वर्षं रेडिओचं काम केलंय, हाताने टेप कापलेली आहे ब्लेडने. तेव्हा एक 'अं' काढायला कष्ट पडायचे, म्हणून आम्ही विचार करून काढायचो. आता एक बटण दाबलं की सगळे एकदम गायब. श्वाससुद्धा अर्ध्यात तुटतो, आणि खोलीची शांतता वेगळी रेकॉर्ड करून भरायची असते हे नव्या लोकांना ठाऊकच नाही. जागोजागी आवाज कोरा पडतो, विहिरीत डोकावल्यासारखा.

जुना श्रोता

म्हणजे तुम्ही अडखळ यांच्याच बाजूचे निघालात की.

उंटावरून

मी कुणाच्या बाजूचा नाही. वाईट कामाच्या विरुद्ध आहे.

माइकवाली

खोलीची शांतता मी प्रत्येक वेळी घेते, तीस सेकंद. सरसकट नव्या लोकांना झोडपू नका. कुठला पॉज ठेवायचा आणि कुठला काढायचा हे मला कळतं, पोट त्याच्यावर आहे माझं.

कानसेन नाही

सगळे आवाजावर भांडताय म्हणून सांगतो. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने जेमतेम. मला 'अं' असला काय, नसला काय. लेखी रूप द्या! ॲपलने मार्च २०२४ मध्ये आपोआप लेखी रूप द्यायला सुरुवात केली ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशपुरती. तिथे नसलेल्या भाषांतल्या पाहुण्यांच्या कहाण्या आमच्यापर्यंत आणायच्या तर कुणीतरी लेखी रूप करून द्यायला हवं. एका विद्यापीठाला मी तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, 'आमचा पॉडकास्ट ऐकल्याबद्दल धन्यवाद.'

तिरकस

😂 माफ करा, पण हसलो.

कानसेन नाही

मीही हसलो होतो. मग पुन्हा लिहिलं. अजून उत्तर नाही.

ठोकळा

ऐकणारे किती, याचे आकडेही असेच. जाहिरात क्षेत्राचा जो मान्य नियम आहे त्यात एक मिनिटभराचा ऑडिओ उतरला की डाउनलोड मोजतात. म्हणजे फोनने रात्री आपणहून उतरवलेला आणि कुणी कधीच न ऐकलेला भागही धरला जातो. 'आमचे इतके हजार श्रोते' यातले किती कान हे कुणीच सांगू शकत नाही.

माइकवाली

हे खरं आहे. आणि वरिष्ठांना अहवालात मी तोच आकडा देते, कारण दुसरा कुठला दिला तर पुढच्या वर्षी माइकच राहणार नाही. घ्या, कबूल केलं. आता झालं समाधान?

तिरकस

थोडंसं.

अडखळ

माझा प्रश्न तसाच आहे. पाहुण्याला आधी ऐकवून, 'हे काढू का?' असं विचारायला किती वेळ लागतो?

माइकवाली

दोन दिवस. कधी दोन आठवडे, कारण पाहुणे उत्तरच देत नाहीत. आणि दिलं तर 'माझं हे वाक्य काढा, ते काढा' करत नेमकं खरं तेवढं काढून टाकतात. मग तिरकस येऊन म्हणणार, बघा, गुळगुळीत. तरीही… विचारायला हवं होतं. तुमच्या बाबतीत तरी.

अडखळ

'माझ्या बाबतीत तरी.' बरं.

तिरकस

रात्रपाळीने दिलेल्या लिंकवरचा भाग ऐकला. गिटार आहेच. 'प्रवास' हा शब्द सहा वेळा आला, मोजला. पण चौदाव्या मिनिटाच्या पुढे मुलाखत घेणारी विचारते, 'नऊ वर्षांनी परत वर्गात बसलात तेव्हा शेजारी कोण होतं?' आणि तो माणूस काहीच बोलत नाही. नऊ-दहा सेकंद. खुर्ची करकरते तेवढीच. मग म्हणतो, 'कुणी नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो.' मी मागे नेऊन दोनदा ऐकलं. हा एक भाग जाहिरात वाटला नाही, असं लिहून देतो. आधीच्या चाळीसांबद्दल मत कायम.

रात्रपाळी

आभारी आहे, महाराज.

माइकवाली

नऊ सेकंद आहेत. तो भाग मीच केलाय. सांगणार नव्हते, पण आता राहवत नाही. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता सव्वीस सेकंदांची होती. तेवढी ठेवली असती तर लोकांना वाटलं असतं फोन बंद पडला. नऊवर आणली, म्हणून तुम्ही दोनदा मागे नेलंत.

उंटावरून

चांगलं काम. मी बारा ठेवले असते.

अडखळ

आणि त्याला विचारलं होतं, सतरा सेकंद काढू का म्हणून?