अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, बार कॉर्ड बंद पडलेत. गिटारमध्ये काय बदलू?

केवडा
नमस्कार मंडळी. वय ५४. डावा अंगठा मनगटाजवळच्या सांध्यात दुखतो. एक्स-रेमध्ये त्या सांध्याची सुरुवातीची झीज दिसली आहे. डॉक्टरांनी लावायला डायक्लोफेनॅकचं जेल आणि अंगठ्याचा पट्टा दिलाय. गिटार बंद करा असं म्हणाले नाहीत, "बेताने वाजवा" म्हणाले. बेत म्हणजे किती, ते इथेच विचारावं म्हटलं.

गिटार ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची) अकूस्टिक, तारा १२-५३ (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). बाराव्या फ्रेटला (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) जाड तारेखाली ३.२ मिमी अंतर आहे. ओपन (मोकळ्या तारांच्या) कॉर्डना फारसा त्रास नाही. एफ किंवा बी मायनरसारखा बार कॉर्ड (तर्जनी तारांवर आडवी टाकून) धरला की दोन मिनिटांत कळ येते आणि नंतर डब्याचं झाकणसुद्धा फिरत नाही.

तारा बदलू की गिटार? नायलॉनच्या तारांची घ्यावी का? आणि बोटांच्या ताकदीसाठी स्प्रिंगचा ग्रिपर मिळतो, तो वापरू का? जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना साथीपुरतंच वाजवते.

नटबोल्ट
केवडाताई, विकायच्या आधी हीच गिटार माणसात आणा. ३.२ मिमी म्हणजे प्रत्येक कॉर्डला फुकटची हमाली. जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली १.८ च्या आसपास आलं की साथीला पुरे.

आधी तारा हलक्या करा, मग सेटअप (तारांची उंची जुळवणं). बरेच जण उलटं करतात. बाराच्या तारांवर झकास सेटअप करून घेतात, महिन्याने अकराच्या चढवतात, ओढ कमी झाल्याने नेक सरळ होतो आणि पहिल्या तीन-चार फ्रेटना तारा खडखडायला लागतात. मग परत दुकानाची वारी. ११-५२ घ्या, तरी जड वाटल्या तर १०-४७. बारावरून अकरावर आलं की पहिल्या तारेचा ताण साधारण १६ टक्के उतरतो, जाड तारांचा त्याहून कमी. आवाज थोडा पातळ होईल, तो सोसा.

नव्या तारा सुरात आणून एक दिवस तशाच राहू द्या. मग पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटला दाबा आणि सातव्या फ्रेटवर फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक जुळवायची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, परत सुरात आणायचं, परत मोजायचं. अडतंय वाटलं की हात आवरा. रॉड तुटला तर नेक कामातून गेला.

मग नट, म्हणजे नेकच्या डोक्याकडची खाचांची पट्टी. याच्याकडे कुणी बघत नाही, आणि एफ कॉर्डचा खरा वैरी हाच. तार तिसऱ्या फ्रेटला दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. साध्या कागदाइतकी, ०.१ मिमीच्या आसपास हवी. स्वस्त गिटारींचा नट बहुतेक वेळा उंचच असतो, आणि नवशिक्याला वाटतं आपल्याच बोटांत जोर नाही. खाच त्या त्या तारेच्या जाडीच्या कानशीने खोल करतात. घरी करवतीच्या पात्याने हा उद्योग करू नका. केसभर जास्त गेली तरी मोकळी तार झणझणते आणि मग नवा नट बसवण्यावाचून गत्यंतर नसतं.

सॅडल (गिटारच्या पोटावरच्या ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) सगळ्यात शेवटी. बारावा फ्रेट तारेच्या मधोमध असतो, म्हणून तिथे ०.८ मिमी उतरवायचं तर सॅडल १.६ मिमी घासावं लागतं. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि खालच्या बाजूने घासा. तळ सपाट राहिला पाहिजे, नाहीतर सॅडलखाली पिकअप (आवाज ॲम्पला देणारा भाग) असेल तर एखादी तार मुकी ऐकू येते. घासून झाल्यावर सॅडल ब्रिजच्या वर २-३ मिमी तरी दिसायला हवं. तेवढं उरत नसेल तर नेकचा कोनच गेलेला आहे. स्वस्त गिटारवर मग खर्च करू नये.

कापोकर
नट उंच आहे का, हे मोजपट्टीशिवाय कळतं. पहिल्या फ्रेटवर कापो लावा आणि एफचाच आकार एक घर पुढे धरा. एकदम सोपा गेला तर दोष नटाचा. तितकाच जड गेला तर तारा, सॅडल किंवा हाताची ठेवण बघायची.

दुरुस्ती होईपर्यंत सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कापो ठेवा. पट्टी तीच राहते, ताण ११ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि नटाचा प्रश्नच मिटतो. गायक नसेल, एकटंच वाजवायचं असेल, तर पूर्ण सूर उतरवा, ताण २० टक्के खाली.

साथीला बार कॉर्ड बऱ्याच वेळा टाळता येतात. गाणं एफ मेजरमध्ये असेल तर कापो तिसऱ्यावर आणि डीचे आकार: डी, जी, ए सेव्हन. बी फ्लॅटला कापो तिसऱ्यावरच, पण जीचे आकार. सुट्या एफच्या जागी चौथ्या तारेपासून ३-२-१-०. त्यातली मोकळी पहिली तार काही गाण्यांत कानाला खुपते, तिथे ती वाजवूच नका. बी मायनरच्या जागी बी मायनर सेव्हन: पाचव्या तारेपासून २-०-२-०-२, सहावी मुकी.

जुनाखोड
हलक्या तारा म्हणजे शिकाऊ पोरांचं काम. आवाजात दम राहत नाही.

नटबोल्ट
जुनाखोड, ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची उजव्या हाताची दोन बोटांची टोकं १९६५ मध्ये कारखान्यातल्या यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटार दीड सूर खाली उतरवली. दम नाही म्हणता?

हातखंडा
गिटारचं वर आलंच आहे, मी हाताचं लिहिते.

चिमटीच्या टोकाशी १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा दाब येतो. बार कॉर्ड धरताना बहुतेक जण नेकला चिमटाच काढतात. म्हणून ताकद वाढवून हा प्रश्न सुटत नाही, चिमटा सोडूनच सुटतो. ग्रिपरचं उत्तर यातच आलं: ज्या सांध्याची झीज झालीय त्यालाच तो दाबत बसतो. घेऊ नका.

बार धरताना तर्जनी थोडी अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर कलती करा, तिथे हाडाचा आधार लागतो. बोट फ्रेटला अगदी लगटून ठेवा. एफमध्ये तर्जनीने फक्त सहावी, दुसरी आणि पहिली तार वाजवायची असते, मधल्या तीन बाकीची बोटं सांभाळतात. सगळ्या सहा तारांवर जोर देणं वाया जातं. मग अंगठा नेकवरून पूर्ण उचला, उजव्या बाहूने गिटारचा पोट छातीशी टेकवून धरा आणि डाव्या कोपराच्या वजनाने बोट मागे ओढून तोच कॉर्ड वाजवा. सुरुवातीला दोन तारा मुक्या जातील. जमल्यावर अंगठा परत टेकवायचा, पण नुसता टेकवायचा. त्याचं टोक मागे वाकून कमान झाली की समजा चिमटा परत आला. नेक जमिनीला समांतर ठेवू नका, गिटारचं डोकं खांद्याच्या उंचीला येऊ द्या, मनगट आपोआप सरळ होतं. बसून वाजवतानाही गिटारला खांद्याचा पट्टा लावा, म्हणजे डाव्या हाताला गिटारचं वजन पेलावं लागणार नाही.

किती जोर पुरे, ते असं शोधा. तारेवर बोट नुसतं ठेवून छेडा, धप्प आवाज येईल. दाब अगदी हळू वाढवत न्या. स्वच्छ सूर लागला की तिथेच थांबा. आपण रोज किती जास्त दाबतो ते लगेच कळतं.

बेताचं गणित: १० मिनिटं वाजवा, ५ मिनिटं हात मोकळा. सुरुवातीला दिवसाला एकूण २० मिनिटं, त्यात बार कॉर्डचं एकच गाणं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसाइतकंच असेल तर आठवड्याने ५ मिनिटं वाढवा. वाढलं असेल तर मागे या. वाजवण्याआधी हात पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. फिजिओकडे मेणाचा शेक मिळतो, तोही चांगला, पण सांधा सुजून गरम झाला असेल किंवा हात बधिर असेल तर शेक नको. जेल लावायचं ते वाजवून झाल्यावर, नाहीतर बोटं तारांवर घसरतात आणि माणूस आणखी दाबतो.

डॉक्टरांनी दिलेला अंगठ्याचा पट्टा घालून वाजवू नका, घरकामाला घाला. ओले कपडे पिळणं, घट्ट झाकणं, नारळ खवणं, अंगठ्याने फोन सरकवत बसणं, हे सगळं त्याच सांध्यावर येतं. व्यायाम एकच सांगते: तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती सैलसर रबर बँड घालून फक्त तर्जनी अंगठ्याच्या दिशेने बाजूला न्यायची, १० वेळा, दिवसातून दोनदा. दुखलं तर बंद. अंगठ्याला आधार देणारा स्नायू त्याने बळकट होतो.

भटक्या
धागा पळवत नाही, पण जवळचाच प्रश्न. चिकुनगुनिया होऊन दोन महिने झाले. दोन्ही हातांची पेरं आणि मनगटं सकाळी तासभर आखडलेली असतात. हेच उपाय चालतील का?

हातखंडा
नाही. हा झिजेचा प्रकार नाही. दोन्ही हातांत सारखं दुखणं आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं हे सुजेचं लक्षण. चिकुनगुनियानंतर सांधे काही आठवडे ते काही महिने दुखू शकतात. सूज असेपर्यंत बार कॉर्ड आणि लांब ताणाचे कॉर्ड बंद, कापो लावून ओपन आकार पाच-पाच मिनिटं वाजवा. तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलं तर संधिवाततज्ज्ञांकडे जा, कारण आमवाताची सुरुवातही अशीच दिसते आणि त्याची औषधं वेळेत सुरू व्हावी लागतात. कुणीतरी सुचवलं म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नका.

सगळ्यांसाठीच: अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटात शीर दबतेय. करंगळी बधिर होत असेल तर कोपरात. बोट अडकून टक्कन सुटत असेल तर ट्रिगर फिंगर, मधुमेह असणाऱ्यांत जास्त दिसतं. आणि काही दुखत नसताना एखादं बोट ठरावीक जागी आपोआप आत वळत असेल तर जास्त रियाज करून जिरवायला जाऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

रत्नागिरीकर
वाचनखूण साठवली. एक कोकणी सूचना: पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, वरची फळी फुगते, ब्रिज वर येतो आणि ॲक्शन (तारांची उंची) चढते. जुलैत सॅडल घासून घेतलं तर मार्चमध्ये तारा खडखडतात. आमच्याकडे दोन सॅडल ठेवतात, पावसाळ्याचं बुटकं आणि उन्हाळ्याचं उंच. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तारा गंजल्या की बोट सरकत नाही, तेव्हा वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा.

केवडा
कापोची चाचणी केली. एफ एक घर पुढे फारच सोपा गेला, म्हणजे नटच. नायलॉनचं मात्र कुणी बोललं नाही.

नटबोल्ट
नायलॉनचा ताण स्टीलच्या जवळपास निम्मा, बोटांच्या टोकांना सुख. पण क्लासिकल गिटारचा नट ५२ मिमी रुंद असतो, तुमच्या ड्रेडनॉटचा ४३ च्या आसपास. रुंद नेकवर अंगठा जास्त फाकतो, म्हणजे तुमच्या दुखऱ्या सांध्याला उलट त्रास. घ्यायचीच तर ४८ मिमीची क्रॉसओव्हर (अरुंद नेकची नायलॉन गिटार) बघा. तुमच्या ड्रेडनॉटवर नायलॉन चढवू नका, आवाज निघत नाही. क्लासिकलवर स्टील तर मुळीच नको, ब्रिज उखडतो.

कापोकर
मी इलेक्ट्रिक सुचवेन. ९-४२ च्या तारा, २४.७५ इंच स्केल (नट ते सॅडल तारेची लांबी), बाराव्या फ्रेटला १.६ ते २ मिमी. फ्रेट जवळजवळ येतात आणि दाब फारच कमी लागतो. छोटा ॲम्प स्वच्छ आवाजावर ठेवला तर साथीला छान लागते. फक्त वजन बघून घ्या, काही मॉडेलं साडेचार किलोची असतात आणि मग अंगठ्याऐवजी खांदा धरतो.

नटबोल्ट
तेही चालेल, पण आधी नट करून घ्या. दुकानात "ॲक्शन कमी करा" एवढंच सांगितलं तर बरेच जण ट्रस रॉड आवळून गिटार हातात देतात. कागदावर लिहून न्या: तारा ११-५२, सातव्या फ्रेटला फट ०.२५, पहिल्या फ्रेटला ०.१, बाराव्याला २.४ आणि १.८. घेताना पहिल्या फ्रेटची फट तिथेच, त्यांच्यासमोर बघा.