बंद पडलेलं यान पुन्हा उडतं कशाने?

खिडकीजवळचा
काल चॅनल बदलता बदलता १९८२ चा स्टार ट्रेकपट 'द रॅथ ऑफ खान' दिसला आणि जुना वाद डोक्यात पुन्हा सुरू झाला. थंडावलेली अंतराळपटांची मालिका लोक परत डोक्यावर का घेतात? पैशाने तर नक्कीच नाही. १९७९ च्या पहिल्या स्टार ट्रेक चित्रपटावर साडेचार कोटी डॉलरच्या आसपास उधळले. गल्ला जमला, पण लोक जांभया देत होते. पुढचा, म्हणजे हा 'खान', सव्वा कोटीच्या आत उरकला आणि आजही आवडत्यांच्या यादीत वर तोच असतो. निर्माता हार्व्ह बेनेट टीव्हीवरून आलेला. त्याने आधी मूळ टीव्ही मालिकेचे सगळे भाग बसून पाहिले आणि १९६७ च्या एका भागातला खलनायक खान उचलला. टाका आपापले मुद्दे, मालिका कुठलीही चालेल.

डाळतांदूळ
काटकसर बघा. दोन्ही जहाजांचा ब्रिज, म्हणजे कप्तानाचा कक्ष, एकच सेट, थोडा फिरवून वापरलेला. नायक कर्क आणि खान अख्ख्या चित्रपटात समोरासमोर येतच नाहीत, पडद्यावरून भांडतात. तरी काय भांडतात! शिवाय कर्कच्या एंटरप्राइजची इंजिनं वर आणि खानच्या रिलायन्सची खाली, त्यामुळे धुमश्चक्रीतही कोण कुठलं ते लगेच कळतं. हल्ली शंभर जहाजं, सगळी राखाडी. कोण मेलं ते घरी जाऊन वाचायचं.

मीठपाणी
'खान'मधली शेवटची झुंज होते तो तेजोमेघ संगणकावरचा नाही बरं का. टाकीत खाली खारं पाणी, वर गोडं. खारं जड, म्हणून थर वेगळे राहतात. त्यात लॅटेक्स आणि अमोनियाचं मिश्रण सोडायचं, ते थरावर अडून आडवं पसरतं. कॅमेरा सेकंदाला २ फ्रेमने चालवायचा, म्हणजे २४ ने दाखवताना ढग उसळतो. थर एकदा ढवळले गेले की टाकी रिकामी करून पुन्हा भरा. संगणकाचं काम म्हणजे जेनेसिसचं, ओसाड ग्रह जिवंत करणाऱ्या यंत्राचं, ते मिनिटभराचं प्रात्यक्षिक.

तव्यावरून
पोळ्या चालू आहेत, थोडक्यात लिहिते. २००९ चा 'स्टार ट्रेक' जमला तो पळवाटेमुळे. भविष्यातलं जहाज मागे येतं, इतिहासाला फाटा फुटतो. म्हणजे जुन्या गोष्टी शाबूत, नव्यांना पाटी कोरी. मूळ मालिकेतला स्पॉक, लिओनार्ड निमॉय, म्हातारा स्पॉक म्हणून आला की जुन्यांचं तोंड बंद. आणि सुरुवातीला जहाजाला भोक पडून बाई बाहेर फेकली जाते तेव्हा आवाज तोडलाय, ते

तव्यावरून
करपली एक. हं, तर तो आवाज तोडल्यामुळे बाहेर हवा नाही हे कुणी न सांगता समजतं.

अर्धवट_ट्रेकी
बाकी सहमत, पण इंजिनरूम? व्हॅन नाइजची बिअरची फॅक्टरी आहे ती! पाइप बघून तहान लागते. आणि डोळ्यात जाणारे ते प्रकाशाचे पट्टे. कॅमेरामन डॅन मिंडेल सेटवर मुद्दाम लेन्सवर टॉर्च मारायचा. दर दुसऱ्या शॉटला कशाला?

डाळतांदूळ
@अर्धवट_ट्रेकी फॅक्टरी असू दे की. खऱ्या लोखंडावर गंज आणि ओल फुकटात मिळते.

पेठेतला
अवांतर: स्टार वॉर्सचा 'द फोर्स अवेकन्स' अमेरिकेत १८ डिसेंबर २०१५ ला लागला, आपल्याकडे २५ ला. १८ ला इथे 'दिलवाले' आणि 'बाजीराव मस्तानी' होते. जुना खलनायक व्हेडरच्या नातवाने पेशव्यांपुढे आठवडाभर माघार घेतली 😂

मीठपाणी
@पेठेतला 😂 त्यातला बीबी-८, तो चेंडूसारखा यंत्रमानव, मात्र अस्सल. बऱ्याच शॉटमध्ये बाहुलीवाला दांड्या धरून त्याच्या मागे पळतोय, दांड्या नंतर संगणकावर पुसल्या. त्यामुळे अबू धाबीच्या वाळूत सावली खरी, चाकोरी खरी आणि नटाची नजरही नेमकी त्याच्यावर. पात्र नंतर संगणकावर घालायचं म्हणून नुसत्या खुणेच्या चेंडूकडे बघून अभिनय केला की नजर चार बोटं वर जाते. शूटिंगही ३५ मिमी फिल्मवर.

खिडकीजवळचा
पण कथा १९७७ च्या पहिल्या स्टार वॉर्सचीच गिरवली ना? वाळवंटातली पोर, यंत्रमानवात लपवलेली माहिती, ग्रह उडवणारं अस्त्र. पहिल्यांदा खपतं, कारण लोकांना आधी घर ओळखीचं वाटायला हवं असतं. दुसऱ्यांदा नाही.

अर्धवट_ट्रेकी
ट्रेकचंही तेच. २०१३ ला पुन्हा खान आणला, १९८२ मधला काचेआडून मरणाचा प्रसंगही उलटा करून तोच. २०१६ चा 'बियॉन्ड' त्याहून बरा होता, पण लोक पांगले होते. २००९ पेक्षा खर्च जास्त, गल्ला कमी.

नवखी
यातलं काहीच पाहिलेलं नाही. कुठून सुरू करू? मुलगा दहा वर्षांचा आहे.

तव्यावरून
२००९ चा. 'खान'मध्ये कानात किडा सोडतात, तो एवढ्यात नको. आणि जेवताना तर अजिबात नको.

पेठेतला
किड्याचं आधी सांगायचं की. आत्ताच लावलाय, समोर मिसळ आहे.