रेसची तयारी सुरू असताना वजन उतरवावं का? माझं मत: नाही

रानवाट: हाफ मॅरेथॉनचं ट्रेनिंग आणि डाएट एकदमच सुरू करणारे बरेच दिसतात. मला हे अजिबात पटत नाही. वजन उतरवायचं तर तयारीला लागण्याआधी. लाँग रन आणि इंटरव्हल (जोरात पळणं, मध्ये दम घेणं, पुन्हा जोरात) सुरू झाले की पोटभर खायचं.

हिशोब बघा. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण 1 कॅलरी जाते. 60 किलोच्या माणसाच्या 10 किमीला 600 गेल्या. दिवसभरात 1800 खाल्ल्या असतील तर उरल्या 1200. श्वास, हाडं, हॉर्मोन्स, स्नायूंची डागडुजी, सगळं त्यातच भागवायचं. अंगात 15 किलो चरबी धरली तर उरलेल्या 45 किलोंच्या वाट्याला किलोमागे 27 सुद्धा येत नाहीत. 30 च्या खाली बराच काळ राहिलं की हॉर्मोन्स बिघडतात, हाडं कमजोर होतात. आणि 1800 हा आकडा ऐकायला उपासमारीचा वाटतच नाही, म्हणून कोणी सावध होत नाही.

घामधारा: पूर्ण असहमत. निम्मे लोक धावायला लागतात तेच वजनासाठी. त्यांना 'आधी बारीक व्हा, मग या' कसं सांगणार? जास्तीचे 10 किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार कमी होतो, पेसही सुधारतो.

या माणसाला वजन टिकवायला दिवसाला 2400 लागतात असं धरलं, तर तुमच्या 1800 मध्ये तूट 600 ची होते. ती 300 करा, म्हणजे 2100 खा. किलोमागे 33 येतात. आठवड्याला पाव किलो उतरेल, उतरू दे की. शिवाय 30 ही काही लक्ष्मणरेषा नाही. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2023 मध्ये मान्य केलंय की सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, आणि थोड्या काळाची सौम्य तूट शरीर निभावून नेतं.

उलट दुखणं मला दुसरीकडे दिसतं. 5 किमी पळून 'आज कमावलंय' म्हणत दुप्पट खाणारे पाहिलेत का?

तिन्हीसांज: पाहिलेत. पण पाळी थांबली तरी 'ट्रेनिंगमुळे होतं असं' म्हणून गप्प बसणाऱ्या मुलीही पाहिल्यात, आणि मला त्यांची जास्त काळजी वाटते. अमेरिकेच्या मेरी केनने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं: वजन कमी करण्याच्या दबावाखाली तीन वर्षं पाळी नाही, पाच हाडं मोडली. ती तर व्यावसायिक धावपटू, भोवती प्रशिक्षकांचा ताफा. एकटीने ॲप बघून कॅलरी मोजणारीला कोण अडवणार? पाळी चुकली तर डॉक्टरांकडे जा, तूट त्याच दिवशी बंद. पुरुषांना अशी उघड खूण मिळत नाही. झोप उडणं, सारखं आजारी पडणं, नडगीवर एकाच जागी बोट ठेवलं की दुखणं, हे त्यांनी हलक्यात घेऊ नये.

रानवाट: घामधारा, 300 कागदावर ठीक आहे. पण लोक तूट काढतात कुठून? नेमकी धावण्याच्या आसपास. उपाशीपोटी लाँग रन, वाटेत नुसतं पाणी, परत आल्यावर कॉफी. दीड-दोन तास पळायचं तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स पोटात जायलाच हवेत. ते वाचवून संध्याकाळी फ्रिज रिकामा करण्यात काय मिळवलं?

घामधारा: हे मान्य. लाँग रन आणि इंटरव्हलच्या दिवशी तूट शून्य. कापायचं ते सोप्या रनच्या आणि विश्रांतीच्या दिवशी, तेही प्रोटीनला हात न लावता. पण तयारीचे तीन-चार महिने वजनाचं नावच काढायचं नाही, हे मी मानणार नाही. ज्याला 15 किलो उतरवायचेत त्याचं वर्ष असंच जाईल.

रानवाट: त्याने आधी वजनासाठी सावकाश पळावं, रेस पुढच्या मोसमात. आणि तुमच्या पद्धतीनेच जायचं असेल तर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तरी तूट बंद ठेवा. त्या दिवसांत काटा वर जाईल, घाबरू नका. स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या (कार्ब्सच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅममागे जवळपास 3 ग्रॅम पाणी येतं. रेसच्या दिवशी हाच साठा कामाला येतो.